केमो मुंबईत, ताप चोपड्यात

चोपडा तालुक्यात बुरशी म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. केळीच्या पानावर आधी पिवळसर रेघ उमटते, मग ती तपकिरी होते, मग पान कडेनं वाळत येतं. इथला शेतकरी त्याला करपा म्हणतो. पहिली रेघ दिसली की तो पंप खांद्याला लावतो, कारण ढगाळ, दमट हवेत आठवडाभर वाट पाहिली तर घड भरत नाही हे त्याला बापजाद्यांपासून ठाऊक आहे. याच तालुक्यात माणसाच्या फुफ्फुसात बुरशी शिरली तर मात्र ती ओळखेपर्यंत आठ-दहा दिवस निघून जातात. पानाला मिळते तेवढी घाई माणसाला मिळत नाही.

मी बोलतोय ते ल्युकेमियाच्या, म्हणजे आपल्या भाषेत ब्लड कॅन्सरच्या रुग्णांबद्दल. त्यांच्याबद्दल आपल्याकडे दोनच वाक्यं ऐकू येतात. एक, 'ब्लड कॅन्सर झाला, आता काय उरलं?' दुसरं, 'मुंबईला नेलंय, टाटात केमो चालू आहे.' दोन्ही वाक्यांत एक मोठी जागा रिकामी राहते. केमो देऊन झाल्यावर आणि रक्त पुन्हा तयार व्हायच्या आधी जे दोन-तीन आठवडे येतात, ती ही जागा. डॉक्टर आणि नातेवाईक दोघंही त्याला 'काउंट पडले' म्हणतात. बुरशीला वाट मिळते ती याच दिवसांत.

निरोगी माणसाच्या एक मायक्रोलिटर रक्तात साधारण दोन ते सात हजार न्यूट्रोफिल असतात. पांढऱ्या पेशींमधली ही पहारेकऱ्यांची तुकडी. आपण सगळेच रोज श्वासातून अ‍ॅस्परजिलस नावाच्या बुरशीचे बीजाणू आत घेतो. धुळीत, कुजलेल्या पाल्यात, उकिरड्यात, जुन्या भिंतीच्या ओलीत ते असतात. आकार दोन-तीन मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षा वीस-पंचवीस पटींनी बारीक. ते थेट फुफ्फुसाच्या तळाशी पोचतात आणि तिथं आपल्या पेशी त्यांना संपवून टाकतात. आपल्याला पत्ताही लागत नाही. अक्यूट ल्युकेमियात कर्करोगानं अस्थिमज्जा आधीच व्यापलेली असते, त्यावर केमो उरलीसुरली मज्जा साफ करते. न्यूट्रोफिल ५०० च्या खाली जातात, कधी १०० च्या, कधी जवळपास शून्यावर. मग तोच बीजाणू फुफ्फुसात रुजतो, धागे सोडतो, रक्तवाहिन्यांच्या भिंती भेदतो. वाहिनी बंद पडली की पुढचा मांसाचा तुकडा मरतो. रुग्ण खोकतो तेव्हा थुंकीत रक्त येतं ते म्हणून.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत जेराल्ड बोडी आणि सहकाऱ्यांनी अक्यूट ल्युकेमियाच्या ५२ रुग्णांचा अभ्यास करून १९६६ साली हे आकड्यांत मांडलं. काउंट जितका खाली आणि जितके जास्त दिवस खाली, तितका संसर्गाचा धोका मोठा. त्याला आता साठ वर्षं होत आली. पहिल्या आठवड्यात धोका मुख्यतः जिवाणूंचा असतो. दहा दिवस उलटून गेले, अँटिबायोटिक चालू आहे आणि ताप हटत नाही, तर पाळी बुरशीची असते. हा क्रम जगभर पाठ झालेला आहे. तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत मात्र तो पोचलेला नाही.

आता चोपड्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. वर सातपुडा, खाली तापी. गावाला रेल्वे नाही. गाडी धरायची तर अमळनेर, धरणगाव नाहीतर जळगाव गाठायचं. मुंबई साधारण ४०० किलोमीटर. सातपुड्याच्या पायथ्याच्या तडवी वस्तीवरून निघालेल्या माणसाला तर चोपड्यापर्यंत यायलाच अर्धा दिवस लागतो. आणि जगभरची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की काउंट पडलेल्या रुग्णाला ताप आला तर अँटिबायोटिकचा पहिला डोस तासाभराच्या आत शिरेतून गेला पाहिजे. ताप म्हणजे किती? एकदाच १०१ फॅरनहाइट, किंवा १००.४ आणि तासभर टिकलेला. आपल्या घरात १००.४ ला कुणी ताप समजत नाही. 'अंग जरा कोमट आहे' म्हणतात.

माझ्या ओळखीतलं एक उदाहरण सांगतो. गाव चोपड्याजवळचं, मुलगा १९ वर्षांचा, आजार अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया. दुसऱ्या केमोनंतर खाट रिकामी करावी लागली म्हणून त्याला घरी आणलं. अब्बा केळीच्या ट्रकवर हमाली करणारे, मुंबईत राहण्याचा खर्च झेपेना. घरी आल्यावर पाचव्या दिवशी ताप. गावाजवळच्या दवाखान्यात नेलं, तिथं मलेरिया आणि टायफॉईडची तपासणी झाली, सलाईन लावली, तापाची गोळी दिली. गोळीनं ताप उतरायचा, सगळ्यांना हायसं वाटायचं, रात्री पुन्हा चढायचा. असे चार दिवस गेले. डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत, अगदी तळाला, ताप आल्यास ताबडतोब या असं लिहिलेलं होतं. ते कार्ड घरात वाचता येणारं कुणी नव्हतं. आणि ज्यानं वाचलं त्यानं 'या' म्हणजे मुंबईला या असा अर्थ लावला. मुंबई म्हणजे गाडीभाडं. पाचव्या दिवशी छातीत कळ आली, थुंकीत रक्त आलं. जळगावला सीटी स्कॅन झाला तेव्हा कळलं की फुफ्फुसात बुरशीची गाठ आहे.

तो त्या बुरशीतून वाचला. पण औषध दोन महिने चाललं आणि तेवढे दिवस पुढची केमो थांबली. थांबलेल्या केमोचा फायदा कर्करोगानं घेतला. मुलगा गेला. कागदावर मृत्यूचं कारण ल्युकेमिया. बुरशीचं नाव कुठंही नाही.

मला हेच सर्वात जास्त टोचतं. कागदावर नाव आलं नाही की आकडा होत नाही, आकडा झाला नाही की सरकारच्या खिजगणतीत येत नाही. बुरशी दोन प्रकारे मारते, सरळ फुफ्फुस आणि मेंदू गाठून, किंवा केमोचं वेळापत्रक मोडून. दुसऱ्या प्रकारातला मृत्यू तर कुणी तिच्या खात्यात धरतच नाही.

सरकारला हे जमत नाही असं म्हणायची सोय २०२१ नं ठेवलेली नाही. कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस आला, टीव्हीनं त्याचं 'ब्लॅक फंगस' असं बारसं केलं. मधुमेह, स्टेरॉइडचा मनमानी वापर आणि कोविड असं तिहेरी कारण होतं. जुलै २०२१ पर्यंत देशात ४५ हजारांहून जास्त रुग्ण आणि ४,३०० वर मृत्यू नोंदले गेले, त्यातले ९ हजारांहून जास्त रुग्ण एकट्या महाराष्ट्रातले. मग काय झालं पाहा. २० मे २०२१ ला केंद्रानं राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली नोंद करण्याचा बनवायला सांगितलं. त्याच महिन्यात महाराष्ट्रानं त्याचा उपचार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत घेतला. वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेस या कंपनीत अँफोटेरिसिन-बी इंजेक्शनाचं उत्पादन सुरू झालं, बाजारात ७ हजारांना मिळणारी कुपी १,२०० रुपयांत मिळेल असं केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी जाहीर केलं. १२ जूनला जीएसटी परिषदेनं अँफोटेरिसिनवरचा ५ टक्के कर शून्यावर आणला. महिन्याभरात एवढं सगळं. जो आजार वर्षानुवर्षं ब्लड कॅन्सरच्या वॉर्डात होता, तो टीव्हीवर आला आणि सगळी यंत्रणा जागची हलली.

करमाफीची मुदत आधी ३० सप्टेंबरपर्यंत होती, मग वाढवून ३१ डिसेंबर २०२१ केली. त्यानंतर ती संपली. साथ ओसरली, दया आटली. म्युकर मात्र कुठंही गेला नाही. तो लहान मुलांच्या ल्युकेमियात आजही येतो, कारण त्या उपचारात महिनाभर स्टेरॉइड द्यावं लागतं, सोबतच्या अ‍ॅस्पॅराजिनेसनंही रक्तातली साखर चढते आणि काउंट तर पडलेलेच असतात. म्हणजे २०२१ मध्ये ज्या त्रिकुटाची आपण भीती घेतली होती, तेच त्रिकूट कॅन्सर वॉर्डात औषधोपचाराचा भाग म्हणून रोज हजर असतं.

खर्चाचा हिशेब करून पाहू. म्युकरवर लायपोसोमल अँफोटेरिसिन किलोमागे ५ मिलिग्रॅम रोज द्यावं लागतं. ५० किलोच्या माणसाला २५० मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या पाच कुप्या, त्याही रोज. २०२१ च्या ७ हजारांच्या भावानं दिवसाला ३५ हजार रुपये. दोन आठवड्यांत ७० कुप्या, जवळपास ५ लाख. फुले योजनेचं कवच आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं आहे, ही चांगलीच गोष्ट. पण त्या ५ लाखांत केमो, रक्त, प्लेटलेट, खाट, तपासण्या हे सगळं यायचं. जुनं साधं अँफोटेरिसिन स्वस्त आहे, पण ते मूत्रपिंडावर आघात करतं, थंडी वाजून अंग थडथडतं. गरिबाच्या वाट्याला बहुतेक तेच येतं.

गंमत म्हणा की दुर्दैव, बुरशीवरच्या औषधांच्या इतिहासात आपल्या महाराष्ट्राचं स्वतःचं पान आहे. अँफोटेरिसिन सापडलं १९५० च्या दशकात, व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या एका जिवाणूपासून, अमेरिकेच्या स्क्विब कंपनीत. त्याच काळात पुण्याजवळ पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला, १९५४ साली. तिथं एम. जे. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी पिंपरीच्या मातीतून असाच एक जिवाणू शोधला आणि त्याला गावाचंच नाव दिलं, स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. त्यापासून बनलेलं बुरशीनाशक हॅमायसिन. 'हिंदुस्तान अँटिबायोटिक्स'च्या पहिल्या अक्षरांवरून हे नाव आलं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. याच कारखान्यानं पिकांवरच्या बुरशीसाठी ऑरिओफंजिन हे वेगळं औषधही काढलं. सार्वजनिक पैशातून, आपल्याच मातीतून माणसासाठी एक आणि पिकासाठी एक औषध शोधणारा देश २०२१ मध्ये अँफोटेरिसिनच्या कुपीसाठी रांगा लावत होता. पिंपरीच्या त्या प्रयोगशाळेला पुढची चाळीस वर्षं नीट खतपाणी मिळालं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न मला अधूनमधून पडतो.

माणसाचं औषध आणि पिकाचं औषध वेगळं ठेवण्याचा तो मुद्दा खानदेशासाठी आज फार जवळचा आहे. अ‍ॅस्परजिलसवर सध्या पहिलं औषध व्होरिकोनॅझोल. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ते घेणाऱ्या १०० पैकी ७१ रुग्ण बारा आठवड्यांनंतर जिवंत होते, जुन्या अँफोटेरिसिनवरचे ५८. (म्हणजे चांगल्यातलं चांगलं औषध वेळेत देऊनही दहातले तिघं जातात. उशीर झाल्यावर काय होत असेल त्याचा अंदाज करा.) संसर्ग होऊच नये म्हणून देतात ते पोसाकोनॅझोल. २००७ च्या चाचणीत ते घेणाऱ्यांमध्ये बुरशीचा संसर्ग २ टक्क्यांवर राहिला, जुनी औषधं घेणाऱ्यांमध्ये तो ८ टक्के होता. ही दोन्ही औषधं अ‍ॅझोल कुळातली. आणि केळीच्या करप्यावर आपण फवारतो ते प्रोपिकोनॅझोलही त्याच कुळातलं.

शेतात अ‍ॅझोल पडत राहिलं की मातीतल्या, पालापाचोळ्यातल्या अ‍ॅस्परजिलसलाही त्याची सवय होते. मग तो बीजाणू ज्या रुग्णाच्या छातीत जातो, त्याच्यावर व्होरिकोनॅझोल चालत नाही, जरी त्या रुग्णानं ते आयुष्यात कधी घेतलेलं नसलं तरी. नेदरलँड्समध्ये हे आधी ध्यानात आलं, तिथं ट्युलिपच्या कंदांच्या कचऱ्याच्या ढिगांतही अशी बुरशी सापडली. भारतात दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटच्या अनुराधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली वेगवेगळ्या राज्यांतल्या मातीतून हेच दाखवून दिलं. जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्टोबर २०२२ मध्ये १९ घातक बुरशींची यादी काढली, तिच्या सर्वात वरच्या गटात अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस आहे.

याचा अर्थ केळी उत्पादकाला गुन्हेगार ठरवा असा नाही. त्याला दर मिळत नाही, वादळात बागा आडव्या होतात, त्यात करपा. पण कृषी सहायक आणि औषधाचे दुकानदार त्याला मात्रा सांगतात तेव्हा दोन गोष्टी सांगायला काय हरकत आहे? दर वेळी एकाच कुळातलं बुरशीनाशक वापरू नका. आणि फवारलेली पानं-खोडं बांधावर ढीग लावून कुजत ठेवू नका. खानदेशातली माती कुणी या अंगानं तपासली पाहिजे. जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, विद्यापीठ आहे, केळी तर दारातच आहे. एवढं सोपं संशोधन दिल्लीनं येऊन करावं अशी वाट का पाहायची?

आता आपल्या घरात येतो, कारण सगळं सरकारवर ढकलणं मला पटत नाही.

आपल्याकडे आजारी माणसाच्या इयादतीला जाणं हे सवाबचं काम मानतात, आणि ते आहेच. पण मुंबईहून रुग्ण परतला की पहिल्याच संध्याकाळी पंचवीस-तीस माणसं त्याच एका खोलीत बसतात. खाला येते, मामू येतात, मोहल्ल्यातले बुजुर्ग येतात, पोरंटोरं खाटेवर चढतात. कुणी शेतातून थेट आलेलं असतं, कुणाला सर्दी असते. काउंट पडलेल्या माणसासाठी ही गर्दी म्हणजे हल्ला आहे. दारातून सलाम करा, फोनवर दुआ द्या, खर्चाला हातभार लावा, इयादत पूर्ण होते. घरच्यांना 'आत येऊ नका' म्हणताना लाज वाटते, म्हणून हे मशिदीतून, जुम्याच्या बयानात सांगितलं गेलं पाहिजे. इमामसाहेबांनी सांगितलेलं कुणाला लागत नाही.

दुसरी गोष्ट तयम्मुमची. अंथरुणावरच्या नमाजी माणसाच्या उशाशी मातीचा ढेकूळ किंवा मातीनं भरलेली थाळी ठेवायची पद्धत अनेक घरांत आहे. वुजूचं पाणी सोसत नाही म्हणून तो त्या मातीवर हात मारतो आणि चेहऱ्यावरून फिरवतो. मातीच तर या बुरशीचं घर! खानदेशात बहुतांश लोक हनफी आहेत आणि हनफी फिक्हमध्ये धूळ नसलेल्या स्वच्छ दगडावरही तयम्मुम होतो. धुऊन सुकवलेली गुळगुळीत फरशी त्यासाठी पुरेशी आहे. कोकणातल्या शाफई कुटुंबांना मात्र धुळीची अट असते, त्यांनी आपल्या आलिमांना विचारावं आणि विचारताना रुग्णाचा काउंट किती आहे तेही सांगावं. जमेल तिथं कुणीतरी ओल्या हातानं वुजू करून देणं सर्वात बरं. आजाऱ्यासाठी सवलती दीननं दिलेल्या आहेत, त्या नाकारण्यात कसली परहेजगारी?

आणि कूलर. मे महिन्यात चोपड्यात पारा ४५ कडे जातो तेव्हा रुग्णाला कूलरसमोर झोपवतात, प्रेमानंच. गेल्या वर्षीचं गवत, त्यात साचलेलं पाणी, आणि पंखा थेट तोंडावर. ओलं गवत आणि वारा ही बुरशी पसरवण्याची तयार व्यवस्था आहे. गवत बदललेलं नसेल तर त्या खोलीत कूलर नको, साधा पंखा बरा. घरात त्या दिवसांत झाडलोट, चुना काढणं, भिंत फोडणं, कापसाचे गठ्ठे हलवणं टाळा. केळं मात्र खुशाल द्या, साल धुऊन, सोलून. त्या बिचाऱ्या फळाबद्दल उगाच अफवा आहेत.

घरात ताप मोजायचं थर्मामीटर हवं. पन्नास-शंभर रुपयांचा मामला आहे, पण लाखोंचा उपचार चालू असलेल्या घरांत ते नसतं. आकडा १००.४ च्या वर गेला तर तापाची गोळी देऊन वाट बघायची नाही, कारण गोळी ताप झाकते, आजार नाही. नाकातून काळपट स्राव, नाकात किंवा टाळूला काळी खपली, एका बाजूचा गाल किंवा डोळा सुजणं, वरचे दात दुखणं, श्वास घेताना छातीत टोचणं, थुंकीत रक्त, यांतलं काहीही दिसलं तर तास मोजायचे, दिवस नाही. आणि परिचितानं सुचवलेली बुरशीची गोळी स्वतःहून सुरू करायची नाही. व्होरिकोनॅझोल म्युकरवर चालतच नाही. मुलांच्या ल्युकेमियात व्हिन्क्रिस्टिन नावाचं जे इंजेक्शन देतात, त्याच्यासोबत अ‍ॅझोल गेलं तर नसांवर गंभीर परिणाम होतो. म्हणून कुठली बुरशी आणि कुठली केमो हे माहीत असलेला डॉक्टरच हे ठरवू शकतो.

त्या डॉक्टरशी बोलायचं कसं, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर फार खर्चिक नाही. तासाभरात इंजेक्शन देणं मुंबईला शक्य नाही, चोपड्याच्या उपजिल्हा रुग्णालयाला शक्य आहे. तिथं हवं काय? काउंट पडलेल्या रुग्णासाठीचं पहिलं अँटिबायोटिक साठ्यात, सीबीसी रात्रीही होण्याची सोय, मुंबईच्या किंवा जळगावच्या डॉक्टरचा फोन नंबर भिंतीवर, आणि असा रुग्ण केसपेपरच्या रांगेत उभा राहणार नाही एवढी सूचना. अँटिबायोटिकवर चार-पाच दिवसांत ताप हटला नाही तर बुरशी धरून छातीचा सीटी स्कॅन आणि रक्तातली गॅलॅक्टोमॅनन तपासणी, यासाठी रुग्ण पुढं पाठवायचा. गॅलॅक्टोमॅनन अ‍ॅस्परजिलस दाखवते, म्युकर दाखवत नाही, म्हणून नुसत्या त्या अहवालावर निर्धास्त राहायचं नाही. मोठ्या रुग्णालयांनी डिस्चार्ज कार्डाची पहिली ओळ मराठीत, आणि जिथं गरज आहे तिथं उर्दूत, ठळक अक्षरांत छापावी: या रुग्णाच्या पांढऱ्या पेशी कमी आहेत, ताप आला तर जवळच्या रुग्णालयात तासाभरात हे इंजेक्शन द्या. खाली इंजेक्शनाचं नाव आणि मात्रा. गावचा डॉक्टर अडाणी नसतो, त्याला कुणी कळवलेलं नसतं.

महाराष्ट्रातलं कर्करोगाचं सर्वात मोठं रुग्णालय मुळात ल्युकेमियाच्या दुःखातून उभं राहिलं हे फार कमी लोकांना माहीत असतं. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली ल्युकेमियानं गेल्या. पती दोराबजींनी १९३२ मध्ये त्यांच्या नावानं ल्युकेमियाच्या संशोधनासाठी न्यास स्थापला, आणि पुढं दोराबजींच्या ट्रस्टनं २८ फेब्रुवारी १९४१ ला परळला टाटा मेमोरियल सुरू केलं. आज त्याच परळच्या फुटपाथवर गावाकडून आलेले रुग्ण झोपतात. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अनेकांचा आधार आहे, पण जागा किती पुरणार? आसपास टॉवरची बांधकामं, हवेत सिमेंट आणि मातीची धूळ, आणि त्यात काउंट पडलेला माणूस उघड्यावर. बांधकामाच्या धुळीतून अ‍ॅस्परजिलस रुग्णालयांत पोचतो हे जगभर नोंदलेलं आहे, म्हणून मज्जारोपणाच्या खोल्यांना हवा गाळणारे हेपा फिल्टर लावतात. फुटपाथला फिल्टर लागत नाही. खानदेशातल्या आमदार-खासदारांनी मुंबईत आपल्या जिल्ह्यांच्या रुग्णांसाठी शंभर खाटांची स्वच्छ निवासाची सोय केली तर काउंट वर येईपर्यंत रुग्णाला चोपड्याला परतावंच लागणार नाही.

माझी मागणी थोडी आहे. मे २०२१ मध्ये म्युकरसाठी जे केलं, तेच ल्युकेमियातल्या प्रत्येक बुरशीसाठी कायमचं करा. फुले योजनेत तिचा खर्च केमोच्या रकमेतून कापू नका, वेगळा धरा. लायपोसोमल अँफोटेरिसिन आणि व्होरिकोनॅझोल जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय रुग्णालयांत कायम साठ्यात ठेवा. करमाफी परत आणा, मुदत न घालता. आणि मृत्यूच्या कागदावर बुरशीचं नाव लिहा.

रमजानमध्ये आपल्या भागातून जकातीची मोठी रक्कम बाहेर जाते. मदरशांना जाते, त्याबद्दल तक्रार नाही. पण तालुक्याच्या बैतुलमालनं त्यातला थोडा हिस्सा आपल्याच तालुक्यातल्या कॅन्सर रुग्णांसाठी, धर्म न विचारता, बाजूला ठेवावा असं मला वाटतं. हिंदू शेजाऱ्याला जकात चालते की नाही या चर्चेत अडकायचं असेल तर सदक्याचा वेगळा डबा ठेवा, त्याला कुणाचीच हरकत नाही. त्यातून कुप्या नाही परवडणार. थर्मामीटर, एक सीटी स्कॅन, रात्री अडीच वाजता चोपड्याहून जळगावला जाणारी गाडी आणि तिच्या ड्रायव्हरचा नंबर, एवढं नक्की परवडेल.